ड्यूटीवरच्या माणसाला हाक मारत नाहीत

बाबा प्लांटमध्ये भट्टीवर होते. ते ड्यूटीवर असताना घरची कसलीही खबर त्यांच्यापर्यंत जाऊ द्यायची नाही, हा आईचा नियम. लहानपणी माझा हात मोडला तेव्हा तिनं एकटीनं मला दवाखान्यात नेलं, प्लास्टर करून आणलं. बाबा घरी आले, आंघोळ झाली, जेवले, मग सांगितलं. ‘‘माणूस वितळल्या लोखंडापाशी उभा राहते. त्याचं ध्यान हटलं तं?’’ एवढंच म्हणायची.

बाबा गेल्यावर मी हुडको कॉलनीतल्या घरी आईजवळ राहायला आलो. कंपनी पुण्याची, काम लॅपटॉपवर, पुढच्या खोलीत बसून. लोक म्हणाले, मुलगा आईसाठी आला. मलाही तसंच वाटायचं. सुरुवातीला आई मिटिंगमध्येच चहा घेऊन यायची, भाजी कोणती करू विचारायची. एकदा साहेब हसले. मी हेडफोन काढून तिच्यावर ओरडलो, ‘‘मी घरी नाहीच असं समज! ड्यूटीवर आहो मी!’’

तो शब्द तिला बरोबर कळला. पुन्हा तिनं हाक मारली नाही. उतईची मावशी आली तर तिलाही दारातच थोपवलं.

‘‘हळू बोल व, तो ड्यूटीवर आहे.’’

‘‘वर शर्ट, खाली हाफपँट! असी कोनती ड्यूटी व?’’

आई हसली नाही. बाबांची शिफ्ट निदान सुटायची. माझी सुटतच नव्हती. जेवताना फोन वाजला की आई ताटावरून उठून टीव्ही बंद करून यायची.

त्या दुपारी मिटिंग सुरू होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो ना, त्या चौकोनात माझ्या मागून आई जाताना दिसली. एका हातानं भिंत धरलेली, दुसरा छातीवर. पदर ढळलेला. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की साहेबांना दिसेल. मी बटण दाबून मागचं सगळं धूसर केलं. भिंत, दार, आई, सगळं एक झालं. मी बोलत राहिलो.

थोड्या वेळानं शेजारच्या भाभी धावत आल्या. ‘‘भैया, आंटी हमारी सीढ़ी पर गिर गई हैं!’’ दवाखान्यात पोचेपर्यंत आई गेली. भाभींनी नंतर सांगितलं, आई पडताच त्या मला बोलवायला निघाल्या होत्या, पण आईनं त्यांचा हात धरून ठेवला. ‘‘उसको मत बुलाओ, ड्यूटी पे है.’’

माझ्यापाशी कुठलं लोखंड वितळत होतं?

तेरवीला मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘‘नको रडू बाबू. कानावर तं तुह्या ते लावलं होतं. तुले कसं ऐकू येईन?’’

मी हो म्हटलं. ऐकू आलं नव्हतं, हे खरंच आहे. दिसली होती, हे मी तिला सांगितलं नाही.