पहिल्या नंबरची नळी

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी शहाण्णव खळग्यांची प्लेट यंत्रात सरकवली. पडद्यावर आकडे उमटले, बहुतेक दहाच्या आतले. एक मात्र एकतीस. नळी ल्युपसच्या जुन्या पेशंट शिंपीणबाईंची होती.

ल्युपसमध्ये शरीराचं सैन्य घरच्याच माणसांवर उलटतं. त्या धुमाळीत पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात, ते सायटोकाइन. त्यातलं एक, इंटरल्यूकिन-सहा, बाई मोजत. एकतीस म्हणजे दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय. लघवी आणि रक्ताच्या बाकी तपासण्या ठीक होत्या, तरी या आकड्यावर डॉक्टरीणबाई स्टिरॉइडची गोळी पाच मिलिग्रॅमवरून वीसवर नेऊ शकत होत्या. निर्णय गुरुवारी व्हायचा होता.

शिंपीणबाईंनी त्या गोळ्यांचा धसका घेतला होता. गेल्या खेपेला तोंड भोपळ्यासारखं सुजलं, स्वतःचे कपडे तीनदा उसवून सैल करावे लागले. गिऱ्हाइकाचं माप कधी चुकलं नाही, माझंच हाती लागेना, असं सांगून त्या रक्त देताना सगळ्यांना हसवत.

बाईंनी त्यांना सकाळीच पाहिलं होतं. दवाखान्याच्या दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत चढत होत्या. माणूस आणि आकडा जुळेनात. बाईंनी सहा महिन्यांच्या वह्या खाली ओढल्या. चढे आकडे बहुतेक दर वेळी सकाळच्या पहिल्या एक-दोन नळ्यांचे. माणसं मात्र निराळी.

बाई तडक खाली गेल्या. रक्त काढणारे त्यांचे सख्खे धाकटे दीर. सारी इमारत त्यांना डास म्हणे आणि त्यांना ते आवडे.

"भाऊजी, शिंपीणबाईंचं रक्त किती वाजता काढलंत?"

"सातला. त्यांना आठला दुकान उघडायचं असतं, म्हणून हल्ली पहिला नंबर देतो. का, वहिनी?"

"आणि नळी वर कधी आली?"

दिरांनी मान खाजवली. सगळ्या नळ्या अकराला एकाच डब्यातून वर जात. पहिली नळी चार तास टेबलावर बसून राही. आतल्या पेशी तोवर जिवंतच, निरोप धाडतच राहत. ज्याच्यावर मेहेरबानी, त्याच्याच नळीत आजार फुगत होता.

"म्हणजे मी चांगुलपणा करून त्यांना आजारी पाडलं?"

"कागदावर. अजून गोळीपर्यंत पोचलेलं नाही."

बुधवारी शिंपीणबाईंना परत बोलावलं. एकाच डासाने दोनदा चावायचं म्हणजे अति झालं, असं म्हणत त्यांनी बाही वर केली. नळीतलं रक्त गोठायला अर्धा तास ठेवलं आणि लगेच नळी फिरकी यंत्रात टाकली; गरगर फिरून पेशी तळाला बसल्या, वरचं पाणी वेगळं काढलं, निरोप थांबले. दुपारी आकडा आला सहा.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, सांधे दाबून पाहिले आणि गोळी पाचावरच ठेवली. मग वह्यांतल्या बाकीच्या पहिल्या नंबरवाल्यांची यादी मागितली. नऊ जण निघाले. पुन्हा रक्त द्यायला या, असा त्यांना फोन करायचं काम दिरांनी न सांगता अंगावर घेतलं.

संध्याकाळी दोघांनी फिरकी यंत्र उचलून खाली, रक्त काढायच्या खुर्चीशेजारी आणलं. वजन बावीस किलो, जिने दोन, आणि दिरांची कुरकूर शेवटच्या पायरीपर्यंत.

उद्या शुक्रवार. पहिली नळी सातला भरेल, साडेसातला फिरेल.