मरळीच्या पोटावरच्या जखमा

सानपाड्याच्या बाजारात आज मरळ माशांचा चिखलट वास आला आणि कोपरखैरणे गावातलं आमचं तळं आठवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नव्या इमारतींचं सांडपाणी तळ्यात उतरू लागलं होतं. काठावर आईने जाळ्यातली एकेक मरळ उलटी केली. पोटावर लाल जखमा होत्या.

"बी.एस्सी. झालीस ना गो? सांग, यांना काय झालं हाय?"

घरातली पहिली पदवी माझी. माशाची आकृती मी न बघता काढायचे, पण अशा जखमा पुस्तकात नव्हत्या. 'माहीत नाही' म्हणणं जमलं नाही.

"तेवढा भाग काप, खायला चालेल," मी म्हटलं.

"खायचं कोन इचारतंय?" आई पाण्याकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षी तळ्यात मरळ मिळाली नाही. आईनेही मला पुन्हा काही विचारलं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.