नाव आधी, नंबर नंतर

ठोंब्याचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांच्या हाताखाली कोरणी शिकायला बसला, तेव्हा ते दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, "ए ठोंब्या, उजेड अडवू नकोस! ए ठोंब्या, सुई कुठंय?" शेजारच्या घड्याळवाल्याने ते उचललं, घड्याळवाल्याकडून छत्रीवाल्याने, आणि बघता बघता सगळ्या गल्लीने. वडील गेले, नाव राहिलं. आता एक्कावन्नाव्या वर्षी तरुण पोरं त्याला ठोंबेकाका म्हणत आणि ते आडनाव आहे असं समजत. तोही कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

धंदा नावं कोरण्याचा. दारावरच्या पाट्या, बक्षिसाचे पेले, पेनं, आणि गेली काही वर्षं मुख्यतः कुत्र्यांच्या गळ्यातले बिल्ले. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की ठोंब्याला मांडीवरचं काम उचलून धरावं लागे. दुकानावर स्वतःची पाटी मात्र नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं घड्याळवाला येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून सांगायचा.

आणि अशा माणसाच्या घरात एक कुत्रा तीन महिने बिननावाचा हिंडत होता.

टेम्पोवाल्या गिऱ्हाइकाने पिल्लू आणून दिलं होतं. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, पोट गाडग्यासारखं. पहिल्याच संध्याकाळी मुलीने जाहीर केलं, "ह्याचं नाव टार्गो."

ठोंब्याच्या डोक्यात तिडीक गेली. टार्गो म्हणजे शुक्रवारच्या मालिकेतला तो अंतराळयानाचा कप्तान, एका डोळ्यावर पट्टी असलेला. मालिका शुक्रवारी लागे आणि शनिवारी ठोंब्याच्या दुकानापुढे रांग लागे. केसाळ कुत्रा, बिनकेसाचा कुत्रा, हातभर लांबीचा, वीतभर उंचीचा, सगळ्यांना एकच नाव. त्याचं यंत्र जुनं होतं. पितळी अक्षरांचे साचे खाचेत ओळीने बसवायचे, त्यांच्यावरून खुंटी फिरवायची, की पलीकडे सुई तीच अक्षरं बारीक करून बिल्ल्यावर कोरते. दर कामानंतर अक्षरं काढून डबीत ठेवायची, ही वडिलांची शिस्त. ठोंब्याने ती कधी मोडली नव्हती. पण गेल्या वर्षापासून टार्गोची अक्षरं खाचेतून निघतच नव्हती. काढायची कशाला? पुढचाही टार्गोच असायचा.

"आज दिवसात नऊ टार्गो कोरून आलोय मी," तो म्हणाला. "घरी दहावा नको."

"मग मानस ठेवू या," बायको म्हणाली. मानस हा दुपारच्या मालिकेतला डॉक्टर. आईला औषध दिल्याशिवाय अन्नाला शिवत नाही, इतका गुणी. "ऐकायलाही किती छान वाटतं."

"अगं, वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाचं नाव मानस आहे. मानस, तंगडी वर करू नकोस, असं मी जिन्यात ओरडू?"

"मग तुम्ही सुचवा ना, बाबा," मुलगी म्हणाली. "नुसतं नको नको काय करता?"

इथेच घोडं पेंड खात होतं. एकोणतीस वर्षं ठोंब्याने दुसऱ्यांची नावं कोरली, पण स्वतः कुणाला नाव दिलं नव्हतं. मुलीचं नावसुद्धा थोरल्या भावाने ठरवलं होतं. आता वेळ आली तर डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं. बराच वेळ हनुवटी खाजवून तो म्हणाला, "मोती."

मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

"हसायला काय झालं? टार्गो शंभर कुत्र्यांचा चालतो, मोती नाही चालत?" तो तडकला, पायात आलेल्या पिल्लावर खेकसला, "बाजूला हो रे गाढवा!" आणि हात धुवायला निघून गेला. पिल्लू त्याच्या मागोमाग गेलं.

ह्या भांडणाचा पुढे कंटाळा आला, पण निकाल लागला नाही. मुलगी टार्गो म्हणे, बायको मानस म्हणे, आणि कुत्रा दोघींकडे बिस्किटाच्या आशेने सारखंच बघे. ठोंब्या दोन्ही नावं तोंडात घेत नसे. हट्ट म्हणजे हट्ट. सकाळी साडेपाचला कुत्र्याला फिरवायला मात्र तोच जाई, कारण ज्यांना कुत्रा हवा होता त्या दोघींना तेव्हा झोप हवी असे. "चल गाढवा. थांब गाढवा. काय हुंगतोस, गाढवा, मेलेला उंदीर आहे तो." रोजचा रस्ता, रोजची बडबड.

बिल्ला त्याने पहिल्याच आठवड्यात कापला होता. जाड पितळेचा, कडा गोल घासलेल्या, आरशासारखा चकचकीत. गिऱ्हाइकाला कधी दिला नाही असा. तो कुत्र्याच्या गळ्यात बांधलाही. कोरा.

"अहो, निदान फोन नंबर तरी घाला त्याच्यावर," बायको म्हणाली.

"नाव आधी, नंबर नंतर."

"हा कुठला नियम?"

"धंद्याचा. नाव वर, बरोबर मधोमध बसतं. ते किती रुंद होतं त्यावर खालच्या ओळीचं माप धरतात. आधी नंबर कोरला आणि नाव मोठं निघालं तर? सगळा बिल्ला वाकडा दिसेल."

"वाकडा दिसला तर कुत्रा काय आरशात बघणारे?"

तिचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्याला जास्त राग आला. वडिलांनी शिकवलेली रीत बायकोच्या एका वाक्यासाठी मोडायला तो तयार नव्हता.

त्यातच एका शुक्रवारी टार्गो फितूर झाला. शत्रूसाठी त्याने स्वतःच यानाचं दार उघडलं, आणि त्याचे सगळे जिवलग सोबती मारले गेले. गावभर सुतक. शनिवारी दुकानापुढे नेहमीपेक्षा दुप्पट रांग, आणि प्रत्येकाला टार्गो घासून हवा होता; नवं नाव अजून कुणीच ठरवलं नव्हतं. बँकेतले एक साहेब वासराएवढा कुत्रा घेऊन आले.

"पुसून टाका हे नाव. हाक मारायची लाज वाटते."

"साहेब, फितुरी त्या कप्तानाने केली. ह्या मुक्या जिवाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुम्ही पुसा हो. तुम्हाला काय करायचंय?"

तेही खरंच. ठोंब्याने दिवसभर टार्गो घासले. ज्या हातांनी कोरले त्याच हातांनी घासले, पितळेची पूड नाकातोंडात गेली, आणि संध्याकाळी घरी आला तर मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाली, "बाबा, टार्गो रद्द. आता ह्याचं नाव निमा."

"निमा कोण?"

"यानातली इंजिनियर. एकटीच वाचली."

"अगं, हा कुत्रा आहे, कुत्री नाही!" ठोंब्या ओरडला. "नाव म्हणजे काय भाड्याची खोली आहे? आज हा राहिला, उद्या तो? जन्मभर वाहायचं असतं ते!" मग त्याला आपली चप्पल कुत्र्याच्या तोंडात दिसली. "आणि तू! सोड ती, गाढवा!"

गाढवाने चप्पल सोडली आणि शेपूट हलवली.

मंगळवारी धुण्याचं यंत्र दुरुस्त करायला माणूस आला, जाताना त्याने दार उघडं टाकलं, आणि कुत्रा गेला.

दोन दिवस तिघांनी गल्ल्या पालथ्या घातल्या. प्रत्येकाची हाक वेगळी. बागेत मुलीने सवयीने "टार्गो!" अशी आरोळी ठोकली, तर मालकांच्या हातातल्या पट्ट्या ओढत तीन भलतेच कुत्रे आले. बायको "मानस, मानस" करत फिरली, आणि विमा एजंटाने खिडकीतून डोकं काढून काय हवंय म्हणून विचारलं. एरवी ठोंब्या महिनाभर हसला असता. आता त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, तो चकचकीत, सुंदर, बिनकामाचा बिल्ला. कुणाला कुत्रा सापडला असता तरी त्याने फोन कुठे करायचा होता? ठोंब्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी छत्रीवाल्याने सांगितलं की मंडईमागून पालिकेच्या गाडीने एक तपकिरी कुत्रा उचलला. तिघं धावत कोंडवाड्यात गेले. टेबलामागे कारकूनबाई बसल्या होत्या.

"आजचा तिसरा दिवस," त्या वही बघून म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत ओळख पटली नाही तर संध्याकाळच्या गाडीने बाहेरगावी जातात. शेतावर, गोदामावर, जो मागेल त्याच्याकडे. मग आम्हालाही पत्ता लागत नाही. बिल्ल्यावर काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"कोरा आहे."

"तुम्ही काय करता?"

"बिल्ले कोरतो," ठोंब्या म्हणाला.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. ती नजर त्याला लागली.

मुलीने फोनमधले फोटो पुढे केले. बाईंनी हात हलवला. "फोटो सगळेच आणतात. परवा एक जण शेजाऱ्याच्या कुत्र्याचा फोटो दाखवून घेऊन गेला. आमच्याकडे हाकेवर देतात." त्यांनी अंगण दाखवलं. पलीकडे उंच पत्र्याचा आडोसा, त्याला खाली एक झडप. कुत्रे पत्र्यामागे. माणूस दिसलं की सगळेच धावतात, म्हणून त्यांना माणूस दिसू द्यायचं नाही. झडप उघडायची, मालकाने नाव घेऊन हाक मारायची. जो येईल तो त्याचा.

झडप वर गेली. आत भुंकण्याचा कल्लोळ.

"टार्गो!" मुलीने हाक मारली.

चार कुत्रे एकमेकांना रेटत बाहेर आले. एक लंगडा, एक पांढरा, दोन काळे. त्यांत ह्यांचा नव्हता. शिपायाने त्यांना आत ढकललं.

"निमा!" कुणी नाही. "मानस, ये रे राजा!" बायकोचा आवाज चिरकला. कुणी नाही.

"एका कुत्र्याला तीन नावं?" कारकूनबाईंनी घड्याळ बघितलं. पाचला दहा मिनिटं होती. "कुत्रा नक्की तुमचाच ना? काका, तुम्ही मारा हाक."

ठोंब्याने तोंड उघडलं. मोती म्हणावं? मोती कोण? त्याने कधी त्याला मोती म्हटलं नव्हतं, टार्गो म्हटलं नव्हतं, काहीच म्हटलं नव्हतं. तीन महिने रोज पहाटे ज्याच्याबरोबर चाललो, त्याला हाक मारायला आपल्याकडे एक शब्द नाही. मुलगी त्याच्याकडे बघत होती. शिपायाने झडपेच्या दोरीला हात घातला.

मग त्याचा बांधच फुटला. राग मालिकेवर, रांगेवर, वडिलांच्या नियमावर, धुण्याच्या यंत्रावर, सगळ्यात जास्त स्वतःवर, आणि निघाला तो नेहमीसारखा त्या बिचाऱ्यावर. "अरे गाढवा!" तो पत्र्यावर ओरडला. "कुठे येऊन पडलास रे गाढवा! घर सोडून जायला..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. पत्र्यामागे काहीतरी धडपडलं, कुणीतरी कुणाच्या तरी अंगावरून उडी मारली, आणि अर्ध्यावर आलेल्या झडपेखालून पोट घासत एक तपकिरी कुत्रा बाहेर पडला. एक कान उभा, एक पडलेला. इकडेतिकडे न बघता तो थेट ठोंब्याच्या पायांवर येऊन आदळला, आणि कोरा बिल्ला त्याच्या गुडघ्यावर खणकन वाजला.

ठोंब्या फरशीवर बसला आणि रडला. लाज सोडून, नाक ओढत रडला. आपण त्याच्यावर ओरडत होतो, आणि तो तेवढ्यावर आपला झाला होता.

"नाव काय लिहू?" कारकूनबाईंनी विचारलं.

ठोंब्या बाहीने नाक पुसत होता. बायको पदराने डोळे पुसत होती.

"गाढव," मुलगी म्हणाली. बाईंनी वहीत तसंच लिहिलं आणि सही घेतली.

घरी न जाता ठोंब्या कुत्र्याला घेऊन दुकानात गेला. मायलेकीही मागे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, कारण आत चौघांना जागा नव्हती. त्याने खाचेतली टार्गोची अक्षरं उपसून डबीत टाकली. नवीन तीन बसवली. माप घेतलं, नाव कोरलं, मग खाली नंबर. बरोबर मधोमध बसला. पायाशी गाढव उजेड अडवून बसला होता, पण ठोंब्याने त्याला हटकलं नाही.

बायकोने बिल्ला हातात घेऊन वाचला. "अहो, पण लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचंय?" ठोंब्या सुई पुसत म्हणाला. "ठोंब्याचा कुत्रा आहे, दुसरं काय नाव असणार, म्हणतील."