अक्कांविरुद्धची माझी सही

अक्का गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळचे साडेदहा वाजले होते, मी खिडकीवर, समोर जन्मदाखल्याची रांग, आणि फोन सारखा टिंग टिंग वाजत होता. पहिला मेसेज देशमानेसाहेबांचा. 'महानंदा मॅडम यांना भावपूर्ण श्रद्धांजली', पुढं जोडलेले हात, फुलं, पणती. देशमाने! तोंडात शिवी आली होती, खोटं कशाला बोलू. पण ती गिळली, कारण त्यांना शिव्या द्यायचा मला काय अधिकार? मॅडमविरुद्धचा तो अर्ज त्यांनी लिहिला होता हे खरं, पण त्याखाली तिसरी सही माझी आहे. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचा फॉर्म द्या." आणि मग तिचंच नाव मी दोनदा चुकवलं.

मॅडम मूळच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही. ऑफिसात त्या मॅडम, घरी गेलं की अक्का. महापालिकेच्या आमच्या विभागीय कार्यालयात त्या प्रमुख म्हणून आल्या (कुठल्या ते लिहीत नाही, अजून तिथंच नोकरी करायची आहे), तेव्हा बायकांना तीनच कामं होती. खिडकी, आवक-जावक आणि मीटिंगचा चहा. घरपट्टीसाठी घरांची मोजमापं, नोटिसा, तक्रारींची पाहणी असलं बाहेरचं सगळं पुरुषांकडे. बायकांच्या बाथरूममध्ये जुन्या फायली कोंबलेल्या, त्यामुळे आम्ही दिवसभर पाणीच पीत नव्हतो. पहिल्या आठवड्यात मॅडमनी पदर खोचला आणि त्या फायली स्वतः बाहेर काढल्या. मग भिंतीवर एक कागद लावला. पाळीपत्रक! खिडकी सगळ्यांना, बाहेरचं काम सगळ्यांना, आणि चहासुद्धा सगळ्यांना. चहाच्या पाळीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. देशमानेसाहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी हॉटेलातून चहा मागवला. मॅडम म्हणाल्या, "पातेलं हाय की हितं, साहेब. बाहेरचा कशाला?" त्या दिवशी दूध उतू गेलं, ऑफिसभर करपल्याचा वास सुटला, आणि आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो. साहेब मात्र हसले नाहीत. ते त्यांनी मनात ठेवलं.

आता माझं सांगते. मे महिना होता, आणि सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. मला भवानी पेठेत एका घराचं मोजमाप घ्यायला पाठवलं. घरमालक उंबऱ्यात उभा. "ऑफिसात माणसं संपली व्हय? बाईला पाठवायलेत." टेपचं दुसरं टोक धरायला कुणी पुढं येईना. बोळातले लोक बघून हसायलेत, माझ्या डोळ्यांत घाम की पाणी ते मलाच कळेना. अर्धं काम टाकून परत आले आणि मॅडमच्या टेबलासमोर रडले. वाटलं होतं, त्या जवळ घेतील. बाई आहेत ना शेवटी! त्या म्हणाल्या, "रडायलीस व्हय? रड. मग पाणी पी आणि परत जा. मोजमाप अर्धं राहिलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले परत. या वेळी टेपचं टोक दाराच्या कडीला बांधलं आणि एकटीनं मोजलं सगळं. कसं मोजलं ते मॅडमना सांगितलं, आकडे बरोबर आले. पण राग काही उतरला नाही. संध्याकाळी देशमानेसाहेबांनी माझ्यापुढं अर्ज सरकवला. 'मॅडम अरेरावी करतात, कर्मचाऱ्यांचा मानसिक छळ होतो.' वर म्हणाले, "बाईची सही असली म्हणजे अर्जाला वजन येतं बघा." मी सही केली. लफ्फेदार, नेहमीसारखी.

चौकशी झाली. त्यात मॅडमना अर्ज दाखवतात, सह्यांसकट, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. की आलं होतं आणि मी ते झटकलं... आता आठवत नाही. त्यांची बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली, म्हणजे जिथं खुर्ची असते आणि काम नसतं अशा ठिकाणी. जाताना त्या प्रत्येक टेबलापाशी आल्या. मी रजिस्टरात डोकं घालून बसले, मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा कागद निघाला. महिन्याभरात चहा पुन्हा आमच्याकडे आला, बाहेरचं काम पुन्हा पुरुषांकडे गेलं. मी मुकाट चहा केला. कुणाला काय बोलणार? करून सवरून मीच नामानिराळी राहिले होते.

काही वर्षांनी अक्कांना पोटाचा आजार निघाला तेव्हा एका रविवारी धीर करून घरी गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. त्या कॉटवर उशीला टेकून बसलेल्या, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी म्हटलं, "अक्का, मला एक सांगायचं होतं..." त्या म्हणाल्या, "सांगशील गं. आधी मला सांग, बाहेरचं काम बायकांना देतात का अजून?" काय सांगणार होते मी? म्हटलं, "हो, देतात की." त्यांचा चेहरा असा उजळला... एक खोटं बोलून बसल्यावर बाकीचं खरं कुठून काढायचं? उठताना म्हटलं, "पुढच्या रविवारी येते, तेव्हा बोलू." त्या म्हणाल्या, "इर्ली बिडु. सवडीनं ये." म्हणजे, असू दे. पुढच्या रविवारी माझ्याकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मीच टाळलं. आणि मग तो मेसेज.

अंत्यदर्शनाला गेले तेव्हा त्यांच्या लिंगायत पद्धतीप्रमाणे अक्कांना बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. पाया पडताना वर बघायचं धाडस झालं नाही. त्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून होती. मी नाव सांगितलं तशी तिनं माझे दोन्ही हात धरले. "संगीता म्हंजे तूच व्हय? लई नाव घ्यायची तुजं. कडीला टेप बांधून घर मोजली पोरगी, म्हणून सगळ्यांना सांगायची की." मी तिच्या हातांवर कपाळ टेकलं. बायकांना वाटलं, केवढी माया ही!

आमच्याकडे वर्षाच्या शेवटी वरिष्ठ आपला गोपनीय अहवाल लिहितात आणि त्याची एक प्रत बंद पाकिटात आपल्याला देतात. त्या वर्षीचं माझं पाकीट मी फोडलंच नव्हतं. बदलीच्या आधी मॅडमनीच तो लिहिला असणार, चौकशीनंतर. काय लिहिलं असेल त्याचा अंदाज होता, म्हणून साड्यांच्या घडीखाली सारून दिलं. गेल्या आठवड्यात ते बाहेर काढलं. त्यांचं ते डावीकडं झुकलेलं अक्षर. 'बाहेरील काम स्वतंत्रपणे व अचूक करतात. यांना पुढे कार्यालयप्रमुखाची जबाबदारी द्यावी.' आणि सचोटीच्या रकान्यात एकच शब्द. 'निर्विवाद.' माझी सही डोळ्यांनी बघितल्यानंतर त्यांनी हे लिहिलं होतं. एवढी वर्षं ते माझ्या कपाटात पडून होतं, आणि मी तोंड लपवत फिरत होते. रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या तरी मला एवढं लागलं नसतं हो.

अहवालाच्या शेवटी एक चौकट असते, कर्मचाऱ्याला काही मान्य नसेल तर लिहायला. वाईट शेऱ्यावर हरकत घेतात लोक, चांगल्या शेऱ्यावर घेतलेली मी तरी कधी ऐकली नाही. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'सचोटीच्या रकान्यातील शेरा मला मान्य नाही.' खाली सही केली. या वेळी लफ्फा नाही काढला. हरकतीची मुदत कधीच संपली आहे, आणि तो शेरा बदलू शकणारं एकच माणूस होतं.