हसल्याशिवाय कवळी मिळणार नाही

दातांच्या दवाखान्यात कवळ्या घडवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांचा एकच नियम होता: माणूस खळखळून हसल्याशिवाय त्याला नवी कवळी न्यायला द्यायची नाही. बोलताना, चावताना कवळी सभ्यपणे बसते. तिचा खरा स्वभाव कळतो हसताना. त्यासाठी मिस्त्रींनी एक विनोद पाळला होता, एका बहिऱ्या रोग्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा. एकोणीस वर्षं तोच.

गेल्या महिन्यात घाईत त्यांनी नियम मोडला आणि एका वकीलसाहेबांची कवळी ऐन सत्कारात अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन बसली. डॉक्टरांनी बजावलं, "आता एक जरी कवळी परत आली, तर तुम्ही आणि तुमची कानस, दोघांनी घरी बसायचं." डॉक्टर स्वतः कधी चुकत नसत, कारण ते कवळी करतच नसत.

मिस्त्री हादरले. माणूस का हसतो यावरचा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी वाचनालयातून आणला. तो लिहिणारे विद्वान जन्मात कधी हसले असतील का, अशी शंका पानोपानी येत होती.

"अपेक्षाभंग झाला की हसू येतं म्हणे," त्यांनी बायकोला वाचून दाखवलं.

"अहो, मग मी लग्नापासून हसतच सुटायला हवं होतं," भाजी निवडता निवडता ती म्हणाली.

सोमवारी कवळी न्यायला एक निवृत्त मेट्रनबाई आल्या. नोकरीत असताना त्यांच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं अख्खा वॉर्ड घोरायचा थांबत असे. नवी कवळी घालून त्या खुर्चीत ताठ बसल्या. मिस्त्रींनी विनोद सांगितला.

"रोग्याचा रक्तदाब किती होता?" बाईंनी विचारलं.

"ते विनोदात नाही, बाई."

"मग तपासलं काय त्या डॉक्टरनं?"

मिस्त्रींनी ग्रंथातला अपेक्षाभंग समजावून सांगितला. बाईंनी तो औषधाच्या सूचना ऐकाव्यात तसा ऐकून घेतला. तेवढ्यात डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं. "अजून चाललंय? द्या की कवळी आणि मोकळे व्हा!"

दार लागलं आणि मिस्त्रींचा धीर सुटला. "बाई, पाया पडतो, हसा हो! नाहीतर माझी नोकरी जाईल!"

जन्मात इतकं कळवळून ते कधी बोलले नव्हते. मेट्रनबाईंचे आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग वरची कवळी सुटून थेट त्यांच्याच ओंजळीत आली.

डॉक्टरांचं डोकं पुन्हा आत. बाईंनी मूठ मिटली, ओठ मिटले आणि हातानंच 'बाहेर व्हा' अशी खूण केली. डॉक्टर मुकाट्यानं गेले.

वरच्या ओठाच्या आत मधोमध जी शीर असते, तिथे कवळीची कड केसभर जास्त होती. मिस्त्रींनी ती घासली. बाईंनी कवळी चढवली. "आता पुन्हा हसवा."

"कसं?"

"तेच म्हणा. पाया पडतो वगैरे."

मिस्त्रींनी म्हटलं. छे! नोकरी जाते आहे की कपडे इस्त्रीला जात आहेत, कळेना. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा 'पाया' म्हणता म्हणता त्यांनाच फिस्सकन हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना, आणि त्यांच्याकडे बघता बघता बाईंनाही आवरेना. दोघं डोळे पुसत हसत होते. ग्रंथात याचं कारण चाळीस पानांत दिलेलं होतं.

कवळी जागची हलली नाही.

"हा दवाखाना आहे!" बाहेरून डॉक्टर ओरडले. "दात दाखवायची जागा आहे का ही?"