मामांचा हातगुण

बाटलीतल्या तेलातून बुडबुडे येत असले की सगळं ठीक आहे, एवढी एक गोष्ट मी मामांना पहिल्याच दिवशी शिकवली होती. ते माझे सख्खे मामा नव्हते. तंजावुरात राजवाड्यामागच्या बोळांत मराठी बोलणारी दहा-बारा घरं उरली होती आणि त्यांतला प्रत्येक वडीलधारा कुणाचा ना कुणाचा मामा होताच. हे मामा ओरत्तनाडूच्या रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात कोठीवर होते आणि मी तिथे केमिस्ट. आपल्या पूर्वजांनी राजांची कोठी सांभाळली, असं ते सांगायचे. खरंखोटं कुणास ठाऊक. तंजावुरात प्रत्येक मराठी घराचा राजाशी काहीतरी संबंध असतोच. आमच्या घराचा म्हणे हत्तींशी होता.

कारखाना म्हणजे चारी बाजूंना भातशेती आणि मध्ये एक पत्र्याची शेड, तिच्यातून वर आलेला लोखंडी सांगाडा. नव्वदीतले दिवस होते. लायसन्सं सुटली होती आणि ज्याच्या त्याच्या स्वप्नात परदेशी भागीदार येत होता. आमच्या मालकांनी मिथेनॉलपासून इथिलीन आणि प्रोपिलीन काढणारं छोटंसं प्रायोगिक संयंत्र उभं केलं. प्लॅस्टिकचा सगळा धंदा या दोन वायूंवर चालतो. ते बनवायचे तर एक पांढरी पूड लागते, तांदळाच्या पिठासारखी बारीक. पुस्तकात तिला उत्प्रेरक म्हणतात, आम्ही कॅटलिस्ट म्हणायचो आणि मामा म्हणायचे औषध.

या औषधाचे नखरे फार. परदेशातून येताना त्याच्या बारीक बारीक छिद्रांत एक सेंद्रिय पदार्थ भरलेला असतो. तो असेपर्यंत पूड सुरक्षित, पण निरुपयोगी. भट्टीत तापवून तो जाळून टाकला की छिद्रं उघडतात आणि पूड कामाला लागते. मात्र त्यानंतर तिला दमट हवा सोसत नाही. भट्टीच्या तापमानाला वाफेत ती टिकते, पण साध्या हवेतल्या ओलाव्यात एक-दोन दिवस राहिली की तिचा जीव जातो, आणि बाहेरून बघून काही कळतही नाही. म्हणून तापवलेली पूड पिंपात भरून तिच्यावरून सतत कोरडा नायट्रोजन सोडायचा. सिलेंडरमधून तो पिंपात जातो आणि पलीकडे तेलाच्या बाटलीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो. बुडबुडे थांबले, तर पिंप बाहेरची हवा ओढायला लागतं.

हे सगळं मी मामांना विरजणाच्या उदाहरणावरून समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "कळलें रे. लोणच्याचे बरणींत ओला हात घालूं नये, तसें."

मी इतकं लांबलचक बोललो त्याची मला लाजच वाटली.

मामांच्या हाताची बोळाबोळात ख्याती होती. नवी सायकल आली, नवं दुकान निघालं, कुणाच्या घरी शिवणयंत्र आलं, तर पहिलं कुंकू मामांच्या हातचं. तमिळ शेजारीसुद्धा बोलवायला यायचे. ते त्याला कैरासी म्हणत, आम्ही हातगुण. मामांनी कुंकू लावलेली मोपेड पंक्चर होत नाही, असं एक दूधवाला शपथेवर सांगायचा. मी हसायचो. तेव्हा मी पंचविशीचा होतो, नुकती एमएस्सी झालेली होती आणि नाकाने कांदे सोलायची हौस दांडगी होती.

त्या वर्षी नवरात्रानंतर लगेच परदेशी पाहुणे येणार होते. आपली हुशारी दाखवायची म्हणून मी सुट्टीच्या आधीच तिन्ही पिंपांतली पूड तापवून, भरून तयार ठेवली. कच्ची ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पाहुणे आले की मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणावं, याने सगळं आधीच करून ठेवलंय, एवढीच माझी इच्छा होती.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी दुपारपर्यंत शेड धुऊन झाली. मामांनी सगळी हत्यारं स्वच्छ पुसून कोठीत केळीच्या पानावर मांडली. पान्हे, हातोडे, पकडी, प्रत्येकावर चंदन आणि कुंकवाचा ठिपका. यंत्रांना हार झाले. मामा पितळी पंचपात्रीतून कावेरीचं पाणी घेऊन फिरत होते आणि पळीने प्रत्येक यंत्रावर थेंब थेंब शिंपडत होते. तिन्ही पिंपांच्या झाकणांवरही त्यांनी कुंकू लावलं आणि पळीभर तीर्थ शिंपडलं. मी समोरच उभा होतो. झाकणं घट्ट होती, आत रबराचं गॅस्केट होतं. पळीभर काय, घागरभर पाणी ओतलं असतं तरी आत गेलं नसतं. म्हणून मी काही बोललो नाही.

प्रसादाचं सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, वाटून झालं. गाडी निघायला पाच मिनिटं होती. मी शेवटची नजर टाकायला सिलेंडरपाशी गेलो. दाबाचा काटा खाली आला होता. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, त्यानंतर रविवार. एवढे दिवस हा पुरणार नाही, हे मला दिसत होतं. शेजारी भरलेला सिलेंडर उभा होता. जोडणी काढून इकडची तिकडे करायची, दहा मिनिटांचं काम. पान्हा घ्यायला मी कोठीत गेलो.

पान्हा केळीच्या पानावर होता, कपाळावर टिळा लावून.

माझे वडील गिरणीत फिटर होते. लहानपणी एकदा पूजेत ठेवलेली त्यांची पट्टी मी उचलली होती, तेव्हा त्यांनी आयुष्यात एकदाच मला मारलं होतं. दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मी इतरांना देवधर्मावरून टोमणे मारणारा माणूस त्या पानासमोर उभा राहिलो आणि माझा हात पुढे गेला नाही. सुट्टीत काही अभद्र घडलं तर? पाहुण्यांसमोर काही बिघडलं तर? मी स्वतःला सांगितलं, पुरेल. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि मी गेलो.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. बाटलीत तेल निपचित होतं. काटा शून्यावर. त्या तीन दिवसांत समुद्रावरून आलेल्या ढगांनी सगळं तंजावूर ओलं करून ठेवलं होतं; घरी वाळत घातलेली धोतरं वाळत नव्हती. मी पान्हा घेतला, सिलेंडर बदलला. बुडबुडे पुन्हा सुरू झाले. हे कुणीही पाहिलं नाही.

पाहुण्यांसमोर संयंत्र सुरू झालं आणि तासाभरात वायूच्या आलेखावर इथिलीन-प्रोपिलीनची टोकं खाली बसत गेली, म्हणजे पूड मेलेली होती. पाहुणे सभ्यपणे चहा पिऊन गेले. संध्याकाळी मॅनेजरसाहेब कोठीत आले. ते मद्रासचे, रागावले की आवाज आणखी खाली जाणारे. पिंपाच्या झाकणावर वाळलेलं कुंकू होतं आणि पाण्याचे पांढरट डाग. त्यांनी मामांना तमिळमध्ये विचारलं, इथे पाणी टाकलं का?

मामा सरळ म्हणाले, "होय साहेब. कावेरीचं तीर्थ. सगळं चांगलं व्हावं म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. पाणी आत गेलं असण्याची शक्यता आहे का?

मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

खोटं नव्हतं ते, म्हणजे कागदावर खोटं ठरलं नसतं. पण ते वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलंय, की कधी कधी ते माझ्याच आवाजात आहे हे विसरायला होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि मी करून सवरून नामानिराळा राहिलो. साहेबांनी मामांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, "औषध पुन्हां जिवंत होईल कां रे?"

मी मान हलवली. नाही होणार.

"माझे हातानें गेलें," ते म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

वर्षभराने मी पुण्याला नोकरी धरली. पळालो म्हटलं तरी चालेल. पुण्यात कुणाला काही माहीत नव्हतं, पण बुडबुडे माझ्याबरोबर आले. दवाखान्यात मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीशेजारी मी बसू शकत नसे. पेटीतली हवेची नळी बंद पडली तर, एवढाच विचार डोक्यात. स्वयंपाकघरात आमटी रटरटायची थांबली की मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचो. बायकोला वाटायचं, माझं जेवणाकडे फार लक्ष आहे.

आठ वर्षांनी वडील आजारी पडले म्हणून तंजावुरला आलो. त्यांना ऑक्सिजन लावला होता. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर पाण्याची बाटली, आणि तिच्यातून बुडबुडे. तीन दिवस मी त्या बाटलीकडे बघत बसलो. नर्स म्हणाली, पेशंटकडे बघा, बाटलीकडे काय बघता? तिला काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी मामांची बायको रसमभाताचा डबा घेऊन आली. मामा कसे आहेत, मी विचारलं. बरे आहेत, म्हणाली. मग आले का नाहीत?

"आजाऱ्याकडे येत नाहींत ते," मामी म्हणाली. "आपला हात वाईट, असें म्हणतात. कंपनींतलें तें झालें ना, तेव्हांपासून देवाला हात लावीत नाहींत. पूजा मींच करतें. आयुधपूजेला ते बाहेर तिण्णैचे कट्ट्यावर दाराकडे पाठ करून बसतात. शेजारच्यांचे घरीं नवें बाळ आलें, आशीर्वाद द्या म्हणून आणलें, तर दोन्ही हात मागें धरून उभे राहिले. मला फार वाईट वाटलें."

डबा उघडून तिने वडिलांना भरवायला घेतलं. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. नोकरी गेली हे मला ठाऊक होतं, आणि त्याची टोचणी कशीबशी अंगवळणी पाडून घेतली होती. पण आठ वर्षं एक माणूस आपल्या हातांना घाबरून जगतोय आणि ते हात निर्दोष आहेत हे जगात फक्त मला माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माझी मलाच शिसारी आली.

वडील बरे होऊन घरी आले. आयुधपूजेपर्यंत मी थांबलो, कारण त्याआधी दोनदा मामांच्या बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. त्या दुपारी वडिलांची मोपेड काढली आणि गेलो. मामा तिण्णैवर, घराबाहेरच्या त्या कट्ट्यावर, दाराकडे पाठ करून बसले होते. आत मामी विळी, कात्री, शिवणयंत्र मांडत होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. सिलेंडर, काटा, हॉर्न, सोमवारची सकाळ, सगळं. तीर्थाचा एक थेंबही आत गेला नव्हता, हेही सांगितलं.

मामा रस्त्याकडेच बघत म्हणाले, "पान्हा कां नाहीं घेतलास?"

"पूजेत होता."

"तर?"

"भीती वाटली, मामा."

"मी तिथेंच होतों कीं," ते म्हणाले. "मला सांगायचें होतें. मींच उचलून दिला असता. देवीला काम कळतें रे."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी क्षमा मागितली, पाया पडायला वाकलो, पण तोवर ते उठले होते. आत गेले. न्हाणीत पाण्याचा आवाज येत राहिला, खूप वेळ, हात धुवायला लागतो त्याहून किती तरी जास्त. बाहेर आले तेव्हा ओलं कुंकू असलेली वाटी त्यांच्या हातात होती. मामी जागच्या जागी उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मामांनी विळीला कुंकू लावलं. कात्रीला, शिवणयंत्राला, रहाटाला. हाताची सवय मोडली होती, ठिपके वेडेवाकडे उमटत होते. दारापाशी येऊन त्यांनी चौकटीला लावलं, मग खाली उतरून माझ्या वडिलांच्या मोपेडच्या दोन्ही मुठींना लावलं. ती आजाऱ्याच्या घरची, म्हणून तिला जरा जास्तच. मी उभाच होतो, अगदी हाताच्या अंतरावर.

मामी डोळे पुसत म्हणाली, "त्याला लावा कीं."

मामांचा हात माझ्या कपाळाच्या रोखाने वर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"त्याला राहूं दे," ते म्हणाले आणि वाटी घेऊन आत गेले.

मी मोपेड वळवली. मुठी धरल्या तेव्हा ओलं कुंकू माझ्या दोन्ही तळहातांना लागलं. ते माझ्यासाठी नव्हतं.