चुंगसाहेबांच्या घरी नेलेलं पिठलं

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये चुंगसाहेब राहायचे. जन्म चीनमधला. सहा वर्षांचे असताना आईचा हात धरून कलकत्त्याला आले, आणि शिकूनसवरून भोपाळला आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचे इंजिनियर झाले. त्या कॉम्प्युटरला गार हवेची खोली लागायची. आमचे हे भट्टीवर, यांना धड पंखा नव्हता. असो.

त्यांच्या आईला हिंदी शब्द दहा यायचे, मला चिनी एकही नाही, तरी कुंपणावरून आमच्या तासभर गप्पा चालायच्या. लेकाची पक्की नोकरी हाच तिचा अभिमान. रोज सकाळी तो सायकलवर निघाला की वळणापर्यंत बघत उभी राहायची.

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत जेवताना हे म्हणाले, "चुंगनं राजीनामा दिलाय. महिना झाला. गोष्टी लिहिणार म्हणे."

"कसल्या गोष्टी?"

"मनानं रचलेल्या."

"त्याला पगार कोण देणार?"

"ते त्यालाच विचार. नाही, विचारू नकोस. कुणाला बोलूही नकोस."

महिना झाला म्हणतात, आणि मी तर त्याला रोज डबा घेऊन निघताना बघत होते. इथंच मी थांबून विचार करायला हवा होता. पण माझी शाळा चौथीत सुटली, आणि तोंडाला लगाम कधी लागलाच नव्हता.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीनं पिठलं-भात न्यायचा. वसाहतीत नोकरी गेली की क्वार्टर गेलं, दवाखाना गेला, सगळंच गेलं. मला ते मयतासारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात केला, समोरच्या वासंतीला बरोबर घेतलं, आणि डोक्यावरून पदर घेऊन आम्ही दोघी चुंगांच्या घरी जाऊन गुपचूप खाली बसलो.

म्हातारी पंधरा वर्षं वसाहतीत राहत होती. कारखान्यात माणूस गेला की बायका अशाच येतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती जी किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे.

"नहीं, माँजी!" मी हात जोडले. "लड़का ठीक है. सिर्फ नौकरी छोड़ी. एक महीना हुआ."

"झूठ!" म्हणाली, आणि अनवाणीच कारखान्याकडे निघाली. आम्ही मागे. गेटवरच्या शिपायानं सांगितलं, साहेब महिनाभर आलेच नाहीत. झालं. ती तिथंच मातीत बसली. मग रोज डबा घेऊन लेक जातो कुठं? तिच्या मनात भलतंच आलं.

ह्यांना निरोप गेला. हे स्कूटर काढून अरेरा कॉलनीतल्या वाचनालयातून त्याला घेऊन आले. रोज तो तिथंच लिहीत बसायचा, हे यांना ठाऊक होतं. नेमकी पाळी सुटलेली, गेटवर ही गर्दी. आईनं आधी त्याचं तोंड चाचपलं, खांदे चाचपले, आणि मग सगळ्यांदेखत दोन्ही मुठींनी त्याला मारलं. पन्नाशीला आलेला माणूस, मान खाली घालून उभा राहिला.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "भाभीजी, किताब छपने पर मैं खुद बताता. आठ पन्ने बाकी थे."

वासंती कानाशी लागली, "लीलाताई, पातेलं त्यांच्याच घरी राहिलं हो." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

तोंड दाखवायला नको म्हणून म्हातारीनं आठवड्यात वसाहत सोडायला लावली. भोपाळबाहेर मंडीदीपला खोली घेतली. ट्रक भरत होता तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून बसले होते. अंघोळ झालेली होती.

दीड वर्षानं हे म्हणाले, चुंगचं पुस्तक आलं. मग मात्र पेढे घेऊन मंडीदीप गाठलं. दार म्हातारीनंच उघडलं. मी हसले, पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिनं पुड्याकडे पाहिलंही नाही. वळून आत लेकाला नावानं हाक मारली, "आ-लिन! आ-लिन!"

आतून तो ओ देईपर्यंत तिनं दार धरून ठेवलं. मग म्हणाली, "आओ. बैठो."